नाव न विचारणारा देवाप्पा

देवाप्पाची सुई दुखायची नाही. बेंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या नर्सिंग होममध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत. पेशंट सकाळी उपाशीपोटी यायचे, बाकावर बसायचे, आणि मी सुई घेऊन पुढं आले की माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचे, "देवाप्पा इल्लवा?" म्हणजे देवाप्पा नाही का. अहो, लॅबची इन-चार्ज मी! डिप्लोमा माझ्याकडे, अनुभव माझ्याकडे, आणि लोकांना हवा कोण, तर बाटल्या धुणारा. असा संताप यायचा म्हणून सांगू! आता मात्र तो संताप आठवायलासुद्धा बरं वाटतं.

ते नर्सिंग होम आता राहिलेलं नाही. पाडलं आणि तिथं पाच मजली इमारत उभी केली. खाली गाड्या लावतात, बरोबर माझ्या लॅबच्या जागी. मार्केटकडे जायचं झालं की मी मुद्दाम पलीकडच्या रस्त्यानं जाते. पाहवत नाही, दुसरं काय.

मी तिथं होते तेव्हा लॅब म्हणजे एक लांबट खोली होती. एका बाजूला सिंक, एका बाजूला खिडकी, मधे कडाप्पाचा ओटा. स्पिरिटचा वास कपड्यांत इतका मुरायचा की घरी गेले की भाऊ म्हणायचा, आधी अंघोळ, मग चहा. आमचं घर तीन पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळं देवाप्पा पहिल्यांदा आला आणि त्यानं दारातूनच "येऊ काय ओ अक्का?" असं मराठीत विचारलं, तेव्हा मी मान वर करून पाहिलं. चिकोडीकडचा माणूस. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर कामाला होता, तो कारखाना बंद पडला आणि कुणीतरी त्याला आमच्याकडे धाडलं.

"काच धुता येते?" मी विचारलं.

"लोखंड धुतलंय, काच काय घेऊन बसलाय?" म्हणाला. आगाऊ वाटला मला. पण तेव्हा आम्ही काचेच्या नळ्या धुऊन वापरायचो, आणि त्यानं धुतलेल्या नळ्या उन्हात धरल्या तर डाग शोधून सापडायचा नाही. ठेवून घेतला.

त्यानं पहिल्यांदा रक्त घेतलं ते माझ्याच नामुष्कीमुळं. एक जाडजूड बाई होत्या, शीर काही केल्या मिळेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं, बाई रडकुंडीला आल्या, मीही. सिंकजवळून हा म्हणाला, "अक्का, स्वल्प सरका." आला, हात पुसले, डोळे मिटून बाईंच्या कोपरावर बोट फिरवलं. लेथवरचा माणूस, केसाएवढा फरक त्याला बोटाला कळायचा. "हितं आहे बघा," म्हणाला. मी त्याच्या हातात सुई दिली. द्यायला नको होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बाईंना कळलंसुद्धा नाही आणि नळी भरली.

तेव्हापासून सकाळचं रक्त देवाप्पाच घ्यायचा. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी डोळेझाक केली होती. तेव्हा असंच चालायचं हो.

त्याची एक रीत होती. तो पेशंटला कधी नाव विचारायचा नाही. वयस्क माणूस समोर बसला की हा आधी विचारणार, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. उपाशीपोटीच्या तपासणीला हा प्रश्न भलताच उपयोगी, कारण "हो, दोन इडल्या खाल्ल्या" असं कुणी म्हणालं की त्याला तिथूनच घरी पाठवता यायचं. मग गाव विचारणार. मराठी बोलणारा निघाला तर "कुणापैकी तुम्ही?" मग गुडघ्याचं दुखणं, सुनेचं गाऱ्हाणं, लेकीचं बाळंतपण. सगळं विचारेल, नाव नाही. त्याच्या गावी मोठ्या माणसाला तोंडावर नाव विचारतो तो एक पोलीस, नाहीतर वसुलीवाला. "हात पुढं करून बसलाय बिचारा, आणि त्याला तू कोण म्हणून विचारू?" असं म्हणायचा. नाव तो चिठ्ठीवर वाचायचा आणि "या भीमसेनअण्णा" असं गोड हाकारायचा. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच करत होते. आमचीच माणसं सगळी. पाच गल्ल्यांतली. नाव काय विचारायचं त्यांना?

असं करत सोळा वर्षं गेली. मग एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"वसुमती, नियम कडक झालेत," ते म्हणाले. "कागद नसलेल्या माणसानं पेशंटला हात लावलेला यापुढं चालणार नाही. देवाप्पा, तुला दोन वर्षं देतो. तोवर कॉलेजचं ट्रेनिंग म्हणून, वसुमतीच्या नजरेखाली काम कर. डिप्लोमा घेऊन ये. नाही जमलं तर सिंक आहेच. सुई मात्र विसर."

देवाप्पा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. बारावी सायन्स पास होऊन पंचवीस वर्षं झालेली. बाहेर आल्यावर म्हणाला, "अक्का, मी धुतो की बाटल्या. काय वाईट आहे?" पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. सुई ही त्या माणसाची इज्जत होती. पीण्यातली नोकरी गेलेला माणूस तो, इथं लोक त्याची वाट बघत बाकावर बसायचे. मी म्हटलं, "गप बस. फॉर्म मी आणते."

येलहंक्याच्या बाजूला एका कॉलेजात प्रवेश मिळाला. सकाळी आमच्याकडचं रक्त घ्यायचं, आठला बस पकडायची, मॅजेस्टिकच्या स्टँडवर बदलायची, दहाला वर्गात. पहिल्या दिवशी हा वर्गात शिरला तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. ती उभी राहिली म्हणून हाही उभाच राहिला. खरे सर आले तेव्हा सगळा वर्ग उभा आणि कुणाला कळेना की बसायचं कधी. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून ओट्याला धरलं.

दुपारी तीनला तो परत यायचा आणि मग ओपीडी सुरू होईपर्यंत आमची शाळा. पुस्तकं सगळी इंग्रजी. मी वाचायची, मराठीत सांगायची, तो वहीत लिहायचा. सीरम म्हणजे काय, तर दह्यावर सुटतं ते पाणी. रक्त गोठलं, खाली बसलं, वर उरलं ते सीरम. "मग असं लिहिलं का नाही पुस्तकात?" म्हणायचा. नळ्यांच्या टोपणांचा क्रम त्यानं पाठ केला तो घरी बायकोला त्रास देऊन. आधी निळं, मग तांबडं, पिवळं, हिरवं, जांभळं, शेवटी करडं. हा क्रम चुकला की एका नळीतलं औषध दुसरीत जातं आणि रिपोर्ट बिघडतो. पवित्रा, त्याची बायको, भाकरी थापताना तोंडानं निळं-तांबडं-पिवळं म्हणायला लागली होती. एकदा मला म्हणाली, "अक्का, परीक्षा माझीच घ्या, मी पास होईन."

चुकलं की मी फाईल हाणायची त्याच्या खांद्यावर. तो म्हणायचा, "कॉलेजात कोणी मारत नाही ओ." मी म्हणायची, "म्हणूनच काही शिकवत नाहीत." समोरच्या भीमसेनअण्णांच्या हॉटेलातून बाय-टू कॉफी यायची, एका कपातली दोघांत. खिडकीतून ऊन ओट्यावर यायचं, नळ्या चमकायच्या, आणि हा मोठमोठ्यानं बिलिरुबिन बिलिरुबिन करत बसायचा. खरं सांगते, मला त्या दुपारी फार आठवतात. माझा संसार टिकला नाही, भावाच्या घरी राहिले, नोकरी केली, रिटायर झाले. त्यात कुणाला काही शिकवलं आणि ते त्यानं मनापासून घेतलं, असं त्या दोन वर्षांतच झालं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. लेखी पेपर तो बऱ्यापैकी पास झाला. प्रॅक्टिकलमध्ये रक्त घ्यायचं होतं. त्या कॉलेजात रीत अशी, की प्रत्येक विद्यार्थ्यानं रक्त द्यायला आपला एक माणूस बरोबर आणायचा. भीमसेनअण्णा गेले. शुगरवाले, दर महिन्याला देवाप्पाच त्यांचं रक्त घ्यायचा. आम्ही अगदी निर्धास्त. मी तर पेढे आणायला सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी भीमसेनअण्णा एकटेच आले. "फेल केलं ओ," म्हणाले. "एका टोच्यात घेतलं, मला कळलं नाही, आणि ती बाई म्हणते फेल."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बस पकडून थेट कॉलेज गाठलं. परीक्षक होत्या स्मिता मॅडम. पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरात आलेल्या, तिशीच्या आसपास, चष्मा, अगदी शांत. मला शांत माणसांचा आधीच राग येतो.

"त्याच्यासारखी सुई तुमच्या अख्ख्या कॉलेजात कुणाची आहे का?" मी खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू केलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "टेक्निक एक्सलंट आहे. मी तसं लिहिलंय."

"मग?"

"त्यांनी पेशंटचं आयडेंटिफिकेशन केलं नाही. ती क्रिटिकल स्टेप आहे, मॅडम. ती चुकली की बाकीचे मार्क मोजतच नाहीत."

"अहो, 'या भीमसेनअण्णा' म्हणाला ना तो! भीमसेनअण्णांनी सांगितलंय मला."

"तेच तर. नाव देवाप्पांनी सांगितलं. पेशंटनं सांगायला हवं. आपण नाव घेतलं की पेशंट नुसता हो म्हणतो. म्हणून विचारायचं, तुमचं पूर्ण नाव काय, आणि मग फॉर्मशी ताडून बघायचं. प्रत्येक वेळी."

"ओळखीच्या माणसाला? अकरा वर्षं ज्याचं रक्त घेतोय त्याला विचारायचं, बाबा तुझं नाव काय? उद्या आईला विचारा! लाज नाही वाटायची?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "मलाही वाटायची. सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे."

मी आणखी बरंच बोलले. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेर आले तेव्हा शिपाई माझ्याकडे बघत होता.

मोठ्या डॉक्टरांनी फेरपरीक्षेपर्यंत मुदत दिली, वर एक दिवस नाही म्हणाले. आणि देवाप्पा? तो बसायलाच तयार नाही! "अक्का, त्या बाईचं काही चुकत नसेल. पण माझ्या तोंडातनं ते निघत नाही. मी बाटल्या धुतो." मनातून मला त्याचंच पटत होतं. दोघं मिळून त्या पुणेरी बाईच्या नावानं बोटं मोडत बसलो. वही ओट्याच्या खणात गेली.

आता जे सांगते ते मी भावालासुद्धा सांगितलेलं नाही.

दोनेक आठवड्यांनी बायकांच्या वॉर्डात एक ऑपरेशन ठरलं. कस्तुराबाई म्हणून पेशंट, पोटाचं ऑपरेशन, रक्त लागणार होतं. त्यासाठी गट तपासून नमुना रक्तपेढीत पाठवायचा होता. देवाप्पा त्या सकाळी उशिरा येणार होता, म्हणून मी गेले. खिडकीजवळच्या खाटेवर पांढऱ्या केसांची आजी बसली होती. चिठ्ठीवर खिडकीजवळचीच खाट. मी म्हटलं, "कस्तुराबाई ना?" तिनं मान डोलावली. मी रक्त घेतलं, चिठ्ठी चिकटवली, खाली आले. दोन मिनिटांचं काम.

देवाप्पा आला, मी नळी त्याच्याकडे सरकवली. काचेच्या पट्टीवर दोन थेंब टाकून, वर औषध टाकून हलवायचं, इतकंच. ज्या औषधात दूध नासल्यासारखे कण दिसतील त्यावरून गट कळतो. मी रजिस्टर लिहीत होते. तो पट्टी उजेडाला धरून पुन्हा पुन्हा बघत होता.

"अक्का," शेवटी म्हणाला, "ह्या कस्तुराबाईंचं आपण तीन महिन्यांमागं बघितलेलं. तेव्हा ओ गट होता. आज कण दिसतायत. बी येतंय."

"पुन्हा कर," मी म्हटलं. त्यानं पुन्हा केलं. बी. जुनं रजिस्टर काढलं. ओ. त्याच्याच हातची नोंद.

दोघं धावतच वर गेलो. आदल्या रात्री खाटा बदलल्या होत्या. कस्तुराबाईंना वारा लागतो म्हणून आत हलवलं होतं आणि खिडकीशी दुसरीच आजी आली होती. ती नळी तशीच रक्तपेढीत गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुढं नेत नाही. देवाप्पा त्या आजीच्या खाटेशी जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मग हात जोडून म्हणाला, "अज्जी, निम्म हेसरु हेळी." तुमचं नाव सांगा.

"निंगव्वा," आजी म्हणाली.

"मग मघाशी अक्कांनी कस्तुराबाई म्हटलं, तेव्हा हो का म्हणालात?"

आजी माझ्याकडे बघून ओशाळली. कन्नडमध्येच म्हणाली, "एवढ्या मोठ्या बाई, पांढरा कोट घालून आलेल्या, घाईत होत्या. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

तिला मान द्यावा म्हणून मी विचारलं नाही, आणि मला मान द्यावा म्हणून ती नाही म्हणाली नाही. सगळी चूक नुसत्या चांगुलपणातून झाली. खाली येऊन मी मोठ्या डॉक्टरांना स्वतः सगळं सांगितलं. त्यांनी लेखी ताकीद दिली, ती मी सही करून घेतली. मग लॅबचं दार लावून घेऊन रडले. देवाप्पा सिंककडे तोंड करून नळ्या धूत राहिला. धुतलेल्याच पुन्हा.

बऱ्याच वेळानं पाणी बंद करून म्हणाला, "फेरपरीक्षा कधी आहे ओ?"

खणातून वही बाहेर आली. पण बाकी सगळं येत होतं, अडत होतं फक्त एकाच ठिकाणी. रोज बाकावरच्या लोकांना विचारायचं ठरलं. तरुण पोरांना विचारायचा. म्हातारं माणूस आलं की पुन्हा "ऊटा आयता?" आणि माझ्याकडे केविलवाणं बघायचं. निंगव्वाला विचारलं ते भीतीपोटी. रोजच्या सकाळी भीती कुठून आणायची? भीमसेनअण्णांना विचारलं तेव्हा ते हसले आणि "तुझा बाप" म्हणाले, तर त्या दिवशी यानं पुढं कुणालाच विचारलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "परीक्षेला तुझा माणूस म्हणून मी येते."

तो दचकलाच. "तुम्ही नको, अक्का. दुसरं कुणीही चालेल."

"का? मला विचारायला जीभ वळणार नाही म्हणून? तेच तर. मला विचारलंस तर जगात कुणालाही विचारशील. आणि मला नाही विचारलंस, तर बाटल्याच धू, मी पुन्हा म्हणून बोलणार नाही."

परीक्षेच्या दिवशी मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले. वेड्यासारखं, रक्त द्यायला ठेवणीतली साडी! एका खोलीत सहा खुर्च्या, सहा विद्यार्थी, सहा माणसं. स्मिता मॅडम हातात कागद घेऊन आमच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या. मी हसले नाही.

देवाप्पानं हात धुतले. हातमोजे चढवले. नळ्या रंगांच्या क्रमानं मांडल्या. माझ्याबद्दलचा फॉर्म, जो त्यानंच आदल्या संध्याकाळी भरला होता, तो ट्रेमध्ये समोर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं आणि थांबला. किती वेळ कोण जाणे. शेजारच्या मुलीनं रक्त काढून पट्टी लावलीसुद्धा. देवाप्पाच्या कपाळावर घाम आला. मी मनात म्हणत होते, विचार रे, विचार, मेल्या, विचार.

"तुमचं..." त्यानं सुरुवात केली. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

माझ्या अंगावरून ओझं उतरलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि माझी नजर ट्रेमधल्या फॉर्मवर गेली. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, वसुमती राव.

आता हे राव कुठून आलं ते सांगते. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनं विचारलं होतं, "मराठी का?" मी हो म्हटलं. बेंगळुरात मराठी माणूस म्हटलं की राव, त्यानं ड्युटीच्या तक्त्यावर तसंच लिहिलं. मी नवी, घाबरलेली, गप्प बसले. पगाराच्या कागदावर बरोबर नाव होतं, पण तक्त्यावर, खोलीच्या पाटीवर, सगळ्यांच्या तोंडी राव. आणि देवाप्पानं अठरा वर्षं तो तक्ता रोज वाचला होता.

मी राव म्हटलं असतं तर सगळं जुळत होतं. मॅडमना कळायचं कारण नव्हतं. तो पास, सुई त्याची, पेढे. खरं सांगितलं तर फॉर्म चुकीचा, फॉर्म भरणारा तोच, आणि ही त्याची शेवटची संधी. एका क्षणात माणसाच्या मनात किती येऊन जातं! मला देवाप्पाचा कोरडा पडलेला चेहरा दिसत होता. आणि मान डोलावणारी ती निंगव्वा दिसत होती.

"वसुमती शंकरराव घोरपडे," मी म्हटलं.

त्यानं फॉर्म बघितला. मला बघितलं. पुन्हा फॉर्म. त्याचा चेहरा पडला. वाटलं, आता हा नुसता हसेल, "आमच्या अक्काच त्या," म्हणेल आणि सुई उचलेल. अठरा वर्षांची ओळख होती. माझ्याबद्दल त्याला शंका येण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानं माझ्या दंडाला बांधायला घेतलेला पट्टा खाली ठेवला. सुई टोपणासकट ट्रेमध्ये मागं सारली. मॅडमकडे वळून, पाठ केलेल्या इंग्रजीत नाही, आपल्या चिकोडीच्या मराठीत म्हणाला, "मॅडम, फॉर्मवरचं नाव आणि पेशंटनं सांगितलेलं नाव एक नाही. मी हे रक्त घेऊ शकत नाही. फॉर्म मीच भरलाय. चूक माझी आहे."

स्मिता मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्या पर्समधलं ओळखपत्र मागून बघितलं, फॉर्म दुरुस्त करायला लावला, माझी सही घेतली. "आता घ्या," म्हणाल्या. देवाप्पानं मला पुन्हा विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." ह्या वेळी अडखळला नाही. मी पुन्हा सांगितलं, वडिलांच्या नावासकट. वडील जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती, आणि त्यांचं नाव मोठ्यानं घ्यायची वेळ मला इतक्यात कुठं आली होती? डोळे भरून आले. सुई कधी गेली ते कळलं नाही.

निकाल संध्याकाळीच मिळाला. पास. आता तो येलहंक्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहे, नव्या मुलांना शिकवतो, आणि ती मुलं त्याला घाबरतात असं पवित्रा सांगते. मला खोटं वाटतं, पण असू दे.

त्या दिवशी मात्र आम्ही बसनं परत निघालो. बसायला जागा मिळाली होती. मॅजेस्टिक येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, पास झाल्याचा आनंद पोटात मावत नसेल. मग अचानक माझ्याकडे वळला आणि बघते तर त्याचे डोळे ओले.

"घोरपडे," म्हणाला. "अठरा वर्षं झाली, अक्का. कधी सांगितलं का नाही ओ?"

मी म्हटलं, "तू विचारलंस कधी?"